नव्याचे नऊ दिवस आणि सायकलीची ऐंशी वर्षे

१/
एखादे नवे यंत्र बाजारात आले आणि लोकांच्या हाती दिसू लागले की समाजात दोन तट पडतात. एक म्हणतो, आता जग बदलणार. दुसरा म्हणतो, नव्याचे नऊ दिवस, पुढच्या वर्षी हे माळ्यावर पडलेले असेल. हा वाद मोबाइलच्या युगात जन्मला नाही. आज अगदी साधी वाटणारी सायकल १८१७ ते १८९७ या ऐंशी वर्षांत तीनदा लोकप्रिय झाली आणि तिन्ही वेळा ‘चार दिवसांचे खूळ’ ठरली. तसे ठरवणारे लोक मूर्ख नव्हते, त्यांच्यापाशी सबळ पुरावा होता. हा थ्रेड त्या वादाचा आणि त्यातून निसटलेल्या एका गोष्टीचा.

२/
१२ जून १८१७. जर्मनीतील मानहाइम शहरातून कार्ल फॉन द्राइस हा बाडेन संस्थानातील वनाधिकारी एका विचित्र वाहनावर बसून निघाला. एकामागे एक अशी दोन लाकडी चाके, मध्ये बैठक, पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा. पायडल नव्हते. स्वार दोन्ही पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जाई. सुमारे सात किलोमीटर जाऊन तो तासाभराच्या आत परत आला. घोड्याला दाणावैरण, तबेला आणि मोतद्दार लागतो. या वाहनाला यातले काहीच लागत नाही, हा त्याचा मुख्य युक्तिवाद होता.

३/
१८१९ मध्ये हे वाहन लंडनला पोहोचले. लाँग एकर भागातील डेनिस जॉन्सन या गाडी बनवणाऱ्या कारागिराने त्याची सुधारित आवृत्ती काढली आणि शहरातील छानछोकीच्या तरुणांची त्यावर उडी पडली. लोकांनी त्याला ‘डँडी हॉर्स’, म्हणजे छबिल्यांचा घोडा, असे नाव दिले. व्यंगचित्रकारांची तर चंगळच झाली. बसूनही धावणारे, धावूनही घामाघूम होणारे आणि उतारावरून गडगडत खाली येणारे स्वार त्या वर्षीच्या छापील चित्रांत जागोजागी दिसतात.

४/
थट्टा बाजूला ठेवली तरी अडचणी खऱ्या होत्या. रस्त्यांवर बैलगाडी-घोडागाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या, त्यांत अरुंद लाकडी चाक अडके. म्हणून स्वार पदपथावर येत आणि पादचाऱ्यांशी भांडणे होत. मग दंड, मग बंदी. १८२० उजाडता उजाडता लंडनमधील ही लाट ओसरली. ज्यांनी ‘खूळ’ म्हटले होते ते बरोबर ठरले. खुद्द द्राइसचे उत्तरायुष्य हलाखीत गेले. लोकशाहीवादी उठावाच्या काळात, १८४९ मध्ये, त्याने आपली सरदारकी सोडली. उठाव मोडला गेल्यावर त्याचे निवृत्तिवेतनही गेले आणि १८५१ मध्ये कार्ल्सरूह येथे तो दारिद्र्यात वारला.

५/
दुसरी लाट १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये उठली. पुढच्या चाकाच्या आसाला पायडल जोडले गेले आणि पाय प्रथमच जमिनीवरून सुटले. ही कल्पना पिएर मिशोची की पिएर लालमांची, यावर आजही वाद आहे. अमेरिकेतील पेटंट मात्र लालमांच्या नावावर, २० नोव्हेंबर १८६६ चे आहे. चाके लाकडी, त्यांवर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. फरसबंदी रस्त्यावर या वाहनाने अंगाची काय दशा होई ते त्याच्या इंग्रजी टोपणनावातच आहे: ‘बोनशेकर’, म्हणजे हाडे खिळखिळी करणारे.

६/
१८६८-६९ च्या हिवाळ्यात अमेरिकेला या वाहनाने अक्षरशः झपाटले. शहरोशहरी ते चालवायला शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. मोठमोठी सभागृहे भाड्याने घेऊन त्यांच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर तरुण घिरट्या घालू लागले. बग्ग्या बनवणारे कारखानदार आपले नेहमीचे काम बाजूला सारून याच धंद्यात उतरले. आणि १८६९ चा उन्हाळा संपण्यापूर्वी सारे संपले. सभागृहात शिकलेला माणूस बाहेरच्या रस्त्यावर आला, त्याची हाडे हादरली आणि त्याने वाहन कोपऱ्यात टाकले. वर पेटंटधारकाचा स्वामित्वशुल्काचा तगादा, नगरपालिकांची बंदी. शिकवणाऱ्या शाळांना कुलपे लागली.

७/
त्या वर्षी एखाद्या विचारी माणसाला विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते? पन्नास वर्षांपूर्वी एकदा हे आले आणि गेले. आता पुन्हा आले आणि पुन्हा गेले. दोनदा परीक्षा झाली, दोनदा नापास. हा निष्कर्ष अविचारी नव्हता. त्यात उणीव एवढीच होती की तो वाहन विकत घेणाऱ्यांकडे पाहून काढलेला होता; ते बनवणाऱ्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते.

८/
इंग्लंडमधील कॉव्हेंट्री हे रेशमी फितींच्या विणकामाचे आणि घड्याळांचे शहर. १८६० च्या व्यापारी करारानंतर फ्रेंच माल आला आणि फितींचा धंदा बसला. हजारो विणकरांवर उपासमारीची पाळी आली. याच शहरातील एका शिवणयंत्रांच्या कारखान्याने पॅरिसमधील मागणी पुरवण्यासाठी हे वाहन बनवायला घेतले. मागणी पुढे आटली, पण सूक्ष्म कामात मुरलेले आणि कामाच्या शोधात असलेले हात तिथे होते. तेथील जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या तारा वापरून धातूचे हलके चाक असलेले वाहन काढले. बाजाराने जे टाकून दिले होते, ते कारागिरांनी टाकले नाही.

९/
यातून ती प्रसिद्ध उंच सायकल आली: पुढे माणसाच्या छातीएवढे प्रचंड चाक, मागे चिमुकले. त्यामागे गणित होते. पायडल थेट चाकाला जोडलेले असल्याने एका फेरीत जास्त अंतर कापायचे, तर चाकच मोठे हवे. परंतु खड्डा लागला की स्वार डोक्यावर आपटे. ही सायकल धाडसी, तरुण आणि पैसेवाल्या पुरुषांची राहिली. टॉमस स्टीव्हन्स तिच्यावरून १८८४ ते १८८६ या काळात जगप्रदक्षिणा करून आला. त्या प्रवासात लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने तो हिंदुस्थानातूनही गेला. विक्रम थोर होता. पण तेवढ्याने ते वाहन सामान्य माणसाचे होत नव्हते.

१०/
१८८५ मध्ये जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल आणली. जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला फिरवणारी साखळी. साखळीमुळे लहान चाकही वेगाने फिरवता येऊ लागले आणि प्रचंड चाकाची गरजच संपली. १८८८ मध्ये बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हाडे खिळखिळी होणे थांबले. गंमत अशी की हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच घेतले होते. त्या वेळी त्याचा उपयोग करून घेईल असे हलके वाहनच नव्हते, म्हणून ते विस्मृतीत गेले.

११/
आता तिसरी लाट आली, आणि ती पहिल्या दोन लाटांना लाजवणारी होती. १८९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत चांगल्या सायकलीची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती, म्हणजे कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी. तरीही वर्षाला दहा लाखांहून अधिक सायकली तयार होऊ लागल्या. लंडनच्या बागांतून उमराव घराण्यांतील स्त्रीपुरुष सकाळी सायकलीवर रपेट करू लागले. मग वाद पेटला. पियानोवाले, जवाहिरे, टोपीवाले, नाटकगृहांचे मालक यांनी ओरड केली की लोकांचा सारा पैसा सायकलीत जातो. रविवारी चर्च ओस पडते म्हणून धर्मोपदेशक रागावले. काही डॉक्टरांनी ‘सायकली चेहरा’ नावाचा विकारही शोधून काढला: तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढलेला राहतो म्हणे.

१२/
या वादाचा सर्वांत तीव्र भाग स्त्रियांविषयी होता. घोळदार झग्यात सायकल चालत नाही, म्हणून पोशाख बदलला. सोबतीला कोणी लागत नाही, म्हणून हिंडण्याफिरण्यावरचा पहारा सैल झाला. अमेरिकेतील दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. स्त्रीमताधिकाराच्या पुढारी सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये, स्त्रीला मुक्त करण्यात सायकलीचा वाटा इतर कशाहूनही मोठा आहे, अशा आशयाचे उद्गार काढले.

१३/
विरोधकांनाही हे नेमके कळले होते. २१ मे १८९७ रोजी केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान झाले. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी रस्त्यावर एक पुतळा टांगला होता: सायकलीवर बसलेली स्त्री. सुमारे ६६० मते बाजूने, १,७०० हून अधिक विरोधात पडली. ठराव पडला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये. शिकणाऱ्या स्त्रीचे प्रतीक म्हणून त्या तरुणांनी पुस्तक किंवा लेखणी निवडली नाही, सायकल निवडली. यंत्र खूळ असते, तर त्याचा एवढा राग आला नसता.

१४/
मात्र पैशाच्या बाजाराने तिचे खूळच केले. १८९६ मध्ये अर्नेस्ट हूली या भांडवली सटोडियाने डनलॉपच्या पेटंटवर उभी असलेली टायर कंपनी तीस लाख पौंडांना घेतली आणि थोड्याच अवधीत पन्नास लाखांना जनतेच्या गळ्यात मारली. सायकल कंपन्यांच्या समभागांवर लोक तुटून पडले. पुढच्याच वर्षी भाव कोसळू लागले आणि १८९८ मध्ये हूली दिवाळखोर झाला. अमेरिकेत चाळिसांहून अधिक कारखाने एकत्र करून १८९९ मध्ये एक अजस्र कंपनी स्थापन झाली. १९०२ मध्ये ती बुडीत निघाली.

१५/
अमेरिकी शिरगणतीतील आकडे बोलके आहेत. १८९९ मध्ये तिथे अकरा लाखांहून अधिक सायकली बनल्या होत्या. १९०४ मध्ये जेमतेम अडीच लाख. तीनशेहून अधिक कारखान्यांपैकी सुमारे शंभर उरले. श्रीमंतांचे लक्ष मोटारगाडीकडे वळले. तिसऱ्यांदा निकाल लागला: खूळ संपले. पुरावाही पहिल्या दोन वेळांपेक्षा भक्कम होता, कारण आता आकडे होते.

१६/
पण त्या आकड्यांत एक गोष्ट दिसत नव्हती. सायकली कमी विकल्या जात होत्या, तशा त्या स्वस्तही होत होत्या. शंभर डॉलरची वस्तू काही वर्षांत टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांतून वीस डॉलरच्या आत मिळू लागली. हौशी लोकांनी टाकलेल्या सायकली जुन्या बाजारात आल्या. ज्या दिवशी उमरावांना ती चालवण्याची लाज वाटू लागली, त्याच सुमारास युरोपात गवंडी, गिरणी कामगार, पोस्टमन, कारकून, सुइणी यांना ती परवडू लागली. ‘खूळ संपले’ या वाक्याचा प्रत्यक्ष अर्थ असा होता की प्रतिष्ठितांचा तिच्यातला रस संपला. वृत्तपत्रे त्यांच्याबरोबर निघून गेली, म्हणून पुढचे फारसे लिहिले गेले नाही.

१७/
लाट ओसरली तेव्हा मागे आणखी बरेच काही राहिले. छर्ऱ्यांची बेअरिंग, पोलादी नळ्या, साखळी, हवेचे टायर आणि हे सारे हाताळू शकणारे कारागीर. ओपेल आणि पूजो या कंपन्या मोटारीपूर्वी सायकली बनवत होत्या. ओहायोमधील डेटन येथे १८९२ पासून सायकलीचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडवले. त्यांच्या विमानात इंजिनाची शक्ती पंख्यांपर्यंत नेण्याचे काम साखळ्याच करीत होत्या.

१८/
एक काळी बाजूही मागे राहिली आणि ती विसरता येत नाही. हवेच्या टायरांसाठी रबर हवे होते. १८९० च्या दशकात ही मागणी भडकली तेव्हा आफ्रिकेतील काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा मुलूख होता. रानवेलींचा चीक ठरलेल्या प्रमाणात आणून न देणाऱ्या गावांवर तिथे अनन्वित अत्याचार झाले. ओलीस धरलेल्या बायका आणि तोडलेले हात यांची वर्णने व छायाचित्रे जगापुढे आली, तेव्हा कुठे १९०८ मध्ये तो मुलूख राजाच्या हातून काढून घेतला गेला. युरोप आणि अमेरिका सायकल टिकेल की नाही यावर वाद घालत होते. तिची किंमत मोजणाऱ्यांना त्या वादात जागा नव्हती.

१९/
आता या कथेचे मराठी मुलखातील टोक. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. त्या काळी सायकल ही साहेबांची आणि धनिकांची हौस होती. केवळ हौसेवर धंदा किती दिवस चालणार? बंधू पुढे कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले.

२०/
लोखंडी नांगरालाही तोच प्रश्न विचारला गेला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती आणि पहिले नांगर विकले जायला बराच काळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली. कॉव्हेंट्रीत फितींच्या पडझडीतून सायकल आली, डेटनमध्ये सायकलीतून विमान आले, बेळगावात सायकलीच्या दुकानातून नांगर आला.

२१/
हिंदुस्थानात सायकलीचे खरे आयुष्य विसाव्या शतकात सुरू झाले. आधी विलायती आयात, मग १९३० च्या दशकाच्या अखेरीस देशी कारखाने. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स हा त्यांपैकी एक. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथले कारखाने आले. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, मुंबईचा डबेवाला यांच्या रोजीरोटीत ती मिसळली. नगरपालिका तिच्यावर वार्षिक कर लावून धातूचा बिल्ला देत. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणत ते उगाच नव्हे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सकाळी जाणारे कामगार, महाविद्यालयांकडे निघालेले विद्यार्थी आणि तासाच्या भाड्याने सायकल देणारी कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकाने हे त्या शहराचे नित्याचे दृश्य होते. युरोप-अमेरिकेत १९०० च्या सुमारास मृत ठरलेल्या वस्तूवर हे सारे चालले होते.

२२/
१८९७ च्या केंब्रिजमधील त्या पुतळ्याला उत्तर मिळाले तेही इथेच. १९९० च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली. शिकणाऱ्यांची संख्या लाखावर गेली. टवाळी झाली, शेरे मारले गेले, पण खाणकामगार बायका, शेतमजूर, परिचारिका सायकलीवर दिसू लागल्या. २००६ मध्ये बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. पुढे झालेल्या एका अभ्यासात, या योजनेने माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तिथे परिणाम अधिक होता.

२३/
यावरून ‘खूळ म्हणणारे नेहमी चुकतात’ असा धडा काढणे भाबडेपणाचे होईल. बहुतेक खुळे खरोखरच विरून जातात, आणि द्राइसचे वाहन व बोनशेकर हीसुद्धा आपापल्या रूपात विरूनच गेली. सायकल टिकली ती साखळी, हवेचा टायर, बरा रस्ता, उतरलेली किंमत आणि पंक्चर काढणारे दुकान या साऱ्या गोष्टी एकत्र आल्यावर. त्यांतली एखादी उणी असती, तर उत्साही लोकांच्या उत्साहाने काही साधले नसते.

२४/
म्हणून नव्या यंत्राविषयी ‘हे टिकेल का?’ असा वाद घालताना, त्याच्यापुढे आज रांग किती लांब आहे हे पाहून फार कळत नाही. त्याची नवलाई संपून ते स्वस्त झाले, तर ते कोणाच्या रोजच्या कामाला येईल? बिघडले तर गल्लीत दुरुस्त होईल का? आणि त्याची किंमत दूर कुठे कोणी मोजतो आहे का? १८९७ साली हे प्रश्न कोणी विचारले असते, तर उत्तरे लंडनच्या बागेत सापडली नसती. ती कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात, काँगोच्या रानात आणि शाळेपासून तीन किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीच्या घरी होती.